‘कलम ८(२) आहे ना!’ आहे, पण कोणाच्या हातात?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘डेटा संरक्षण कायद्यामुळे माहिती अधिकाराला धक्का लागलेला नाही. लोकांचे आधार क्रमांक आणि फोन नंबर तेवढे सुरक्षित झाले. माहिती अधिकार कायद्याचं, लोकहितासाठी माहिती देऊ देणारं कलम ८(२) शाबूत आहे. आणि खासगीपणाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे हा बदल करणं भागच होतं.’

आधार नि फोन नंबर माहिती अधिकार कायद्याच्या जुन्या कलम ८(१)(ञ) मध्येही सुरक्षितच होते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहिती त्याखाली नाकारता येत होतीच. मात्र व्यापक लोकहित असेल तर ती द्यावी लागे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाच नाकारता येणार नाही, असं परंतुकही होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झालं. आता बिलावर सही कोणाची, हे विचारलं तरी उत्तरात नाव येणारच, आणि नाव म्हणजे वैयक्तिक माहिती!

८(२) चा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त फसवा आहे. लोकहित वरचढ असेल तर सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे ते कार्यालय किंवा संस्था, माहिती देऊ ‘शकेल’, असं ते कलम म्हणतं. जुन्या (ञ) मध्ये हा विचार अर्जाला उत्तर देणाऱ्या खुद्द जन माहिती अधिकाऱ्याने करायचा होता, अर्ज हातात असतानाच. ८(२) मध्ये अधिकार प्राधिकरणाचा. टेबलावरचा माणूस वर फाइल कशाला पाठवेल? एका ओळीचं नकारपत्र सोपं. पुढे प्रथम अपील, मग माहिती आयोगात दुसरं अपील, आणि तिथली तारीख कधी लागते ते अर्जदारांना विचारा. नकाराचं समर्थन करण्याची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्यावर आहे हे खरं, पण कलमातच अट उरली नाही तर समर्थनाला दोन शब्द पुरतात.

राहिला २०१७ चा निकाल. नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण तो निरंकुश नाही हेही सांगितलं. त्या निकालानंतरच, २०१८ मध्ये, डेटा संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यातही (ञ) बदलायचं सुचवलं होतं, पण त्यात संभाव्य हानी आणि लोकहित यांची तुलना ठेवली होती. म्हणजे निकाल पाळूनही तोल राखता येत होता. तो काढून टाकणं ही सरकारची निवड होती, न्यायालयाची सक्ती नव्हे.