पक्षी हलले पाहिजेत, तिकीट काढलंय

पाहुणे आले की नाशिककराला एकच खंत छळते: आपल्याकडे धड प्राणिसंग्रहालय नाही. मुंबईला राणीची बाग, पुण्याला कात्रज. आपण दरवेळी किती पंचवटी दाखवणार? मग हिवाळ्यातला एखादा रविवार धरा आणि पाहुण्यांसकट नांदूर मध्यमेश्वर गाठा. शहरापासून जेमतेम ४० किलोमीटर. १९८६ पासून पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. मी तिथे इतकी वर्षं जातोय की आता पक्ष्यांइतकीच माणसंही ओळखू येतात. त्या जोरावर चार शब्द.

पहाटे जाऊ नका. निफाडची डिसेंबरातली थंडी काय असते ते पेपरात वाचलंच असेल. आधी चुलीवरची मिसळ, दोन वेळा तर्री, मग ताक. साडेअकराला चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचलात की पक्षी ऊन चुकवून गवतात बसलेले असतात. त्यावर हक्काने म्हणा, ‘काहीच नाही इथे.’

कपडे लालभडक, शक्यतो चमकणारे. लग्नाआधीचं शूटिंग असेल तर येवल्याची पैठणी नेसवून नवरीला पाणथळीच्या कडेला उभी करा आणि मागून थवा उडवायला एक धाकटा दीर ठेवा. वारकरी पक्षी यासाठी उत्तम. अंग काळं, कपाळ पांढरं, आणि उडण्याआधी पाण्यावरून फडफडत लांबवर धावतात. म्हणजे एका खड्यात भरपूर फुटेज. त्यांनी दिवसभर कमावलेलं त्या धावण्यात खर्च होत असेल, पण आपण त्यांना धावायला सांगितलं नव्हतं, फक्त खडा मारला होता.

नावांच्या भानगडीत पडू नका. पाण्यावर तरंगतं ते बदक, उभं राहतं तो बगळा. गाइड बिचारा सांगत राहील, हा थापट्या, हे हळदीकुंकू, तो चमचा, लाल पायांचा तो शेकाट्या. शांतपणे ऐकून घ्या आणि विचारा, ‘फ्लेमिंगो कुठंय?’ रोहित, म्हणजे हेच फ्लेमिंगो, काही वर्षी येतात, काही वर्षी नाही. आले नसतील तर ही व्यवस्थापनाची चूक आहे, हे आवाज चढवून सांगा. कॅमेरावाल्यांनी तर पाच किलोची लेन्स रोखून पुढच्याच्या खांद्यावरच मुक्काम ठोकावा. दुर्बीण लहान मुलाच्या हातात आली की ‘बाळा, आता काकांना दे’ म्हणायला चुकू नका.

विकासाच्या सूचनाही कराव्यात. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे शंभरावर वर्षांपूर्वी बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, बेटं आणि उथळ पाणी तयार झालं. लांब पायांच्या पक्ष्यांना नेमकं तेच हवं असतं. तुम्ही मात्र वहीत लिहा: गाळ काढा, खोली वाढवा, बोटिंग सुरू करा, बेटावर कॅफे हवा. शेकाट्यांसाठी लाइफ जॅकेट आपण वर्गणीतून घेऊ.

पाणवेलीबद्दल नाक मुरडायला विसरू नका. मी जायला लागलो तेव्हा मोकळं पाणी बरंच दिसायचं. आता काही वर्षी हिरवा गालिचाच. दर पुरात सायखेडा-चांदोरीच्या पुलांना हीच पाणवेल अडकते. ती फोफावते सांडपाण्यातल्या पोषणावर, आणि नदी तिथे येते ती नाशिक शहरातून. पण हे पाहुण्यांना कशाला सांगायचं? आपण रविवारी एकदा येतो, आपलं पाणी रोज येतं. कमळपक्षी लांब बोटांनी त्या पानांवरून चालत जातो, ते दाखवा आणि म्हणा, ‘बघा, निसर्ग कसा जुळवून घेतो.’

परतीला वेफरची पिशवी खिडकीबाहेर सोडा, वारा तिकडचाच असतो. गाइडला ठरलेले पैसे देताना थोडी घासाघीस तर हवीच. तो गावातलाच पोरगा असतो, पहाटेपासून उभा असतो, त्याला सवय आहे. म्हणा, ‘अरे, पक्षी काय तुझ्या घरचे होते का?’

तो हसतो. दरवेळी हसतो. मग पुढच्या गाडीकडे जातो, कारण तिथूनही कुणीतरी ‘फ्लेमिंगो कुठंय?’ विचारत असतं.