होडीवरचा दिवा कोणासाठी असतो?

आज अंधार पडल्यावर वल्हवत किनाऱ्याकडे परतत असताना समोरून एक मोटरबोट आली आणि तिच्या पुढच्या टोकावर लावलेल्या एलईडीच्या पट्टीने माझे डोळे दिपवून टाकले. बोट निघून गेल्यानंतरही बराच वेळ मला हातातले वल्हे दिसत नव्हते, मग किनारा कुठला दिसायला! घरी येऊन तास उलटला तरी संताप ओसरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी तेरा वर्षांची असताना दादाबरोबर अशाच काळोखात होडीत होते. आमच्याकडे टॉर्च होता, पण तो पिशवीच्या तळाशी, टॉवेलाखाली. मोटरचा आवाज वाढत गेला, तो नेमका कोणत्या बाजूने येतो आहे हे कळेना आणि दादा पिशवीत हात घालून चाचपडत राहिला. टॉर्च सापडला तेव्हा त्याने तो समोरच्याच्या डोळ्यांवर मारला नाही, स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्यावर धरला. अंधारात उजळलेला माणूस दिसताच ती बोट वळली, पण तिच्या लाटेने आमची होडी अशी कलली की माझ्या हातातले वल्हे सुटून वाहत गेले.

चूक आमचीही होतीच. वल्ह्याच्या होडीला मोठे दिवे लावले नाहीत तरी चालते, परंतु टक्कर टाळता येईल इतक्या आधी दाखवण्यासाठी पांढरा टॉर्च हाताशी असावाच लागतो. हाताशी म्हणजे मांडीवर, पिशवीत नव्हे.

होडीवरचा दिवा आपल्याला वाट दिसावी म्हणून नसतो, आपण आहोत आणि कुठे निघालो आहोत हे इतरांना कळावे म्हणून असतो, एवढी साधी गोष्ट आजच्या त्या चालकाला कोणीच कशी सांगितली नाही? डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा ही खूण समुद्रासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत आहे आणि कितीतरी तलावांवरही तीच पाळली जाते. बाजूचा प्रत्येक दिवा अगदी समोरून ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो, त्यामुळे तांबडा आणि हिरवा एकदम दिसले की बोट थेट आपल्यावर येत आहे हे क्षणात समजते. आपली बोट मोटरची असेल आणि उजवीकडून दुसऱ्या मोटरबोटीचा फक्त तांबडा दिसला, तर ती आपल्यासमोरून आडवी जाणार असते आणि वाट आपण द्यायची असते. नुसता पांढरा दिसला तर ती आपल्यापुढे चाललेली बोट असेल, नांगर टाकून उभी असेल किंवा आमच्यासारखी वल्ह्याची होडी असेल. तेव्हा वेग कमी करावा. आज त्या पट्टीच्या झगमगाटात तांबडाही दिसला नाही आणि हिरवाही. दादाच्या सदऱ्यावरच्या त्या फिकट उजेडाने जेवढे सांगितले, तेवढेही त्या झोताने सांगितले नाही.

शिवाय हा झोत लावणाऱ्यालाही आंधळाच करतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि ते सरावणे एका क्षणात पुसले जाते. धुके असेल, पाण्याचे तुषार उडत असतील, तर त्यांवरून उलटलेला उजेड चालकाच्याच तोंडावर येतो आणि उजेडाच्या कडेपलीकडे काळी भिंत उभी राहते. पाण्यातला ओंडका किंवा धक्क्याजवळची दोरी पाहायला झोत लागतो, हे मान्य आहे. तेवढ्यापुरता लावावा आणि विझवावा.

धक्क्यावर मी त्या चालकाला गाठले आणि बरेच बोलले, जरा जास्तच बोलले. तो विशीतला मुलगा होता. खाली मान घालून म्हणाला, “ताई, मला काहीच दिसत नव्हतं, भीती वाटली म्हणून लावला.” त्यावर मला पुढे बोलवेना. पिशवीत चाचपडणाऱ्या दादाचा चेहरा असाच झाला होता. राग यावा तो बोट ताब्यात देताना इंजिन कसे सुरू करायचे एवढेच दाखवणाऱ्यांचा, कारण सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावायचे असतात हेसुद्धा त्यांनी त्याला सांगितले नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून त्याची बोट पाहिली. बाजूचे दिवे चालू होते, पण तांबड्याच्या काचेवर चिखलाचा थर वाळला होता. मागचा पांढरा दिवा चहूबाजूंनी दिसणारा होता, पण तो इतक्या आखूड काठीवर होता की बाकावर दोन माणसे बसली की त्यांच्या डोक्यांमागे तो लपत होता. काच मी ओढणीने तिथेच पुसली. काठी मात्र बदलावी लागेल. बाजूच्या दिव्यांपेक्षा ती निदान एक मीटर उंच हवी. उद्या सूर्य मावळण्यापूर्वी ती बसवायला तो येणार आहे आणि मी टॉर्च घेऊन जाणार आहे.