ग्राफीन आणि रक्ताच्या गुठळ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्राफीन म्हणजे कार्बनचा अणूइतका पातळ थर. कर्करोगावरची औषधं शरीरात नेण्यासाठी त्याच्या उपयोगाबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर ‘ग्राफीनमुळे रक्तात गुठळ्या होतात हे सिद्ध झालंय, तरी तुम्ही त्याचे गोडवे गाता. वीस वर्षांत त्याचं एक तरी औषध आलं का?’ असं तुम्ही विचारलंत. औषध आलेलं नाही. कर्करोगावर ग्राफीनचं कुठलंही औषध आज बाजारात मिळत नाही.

गुठळ्यांचं मात्र अर्धंच सांगितलंत. तो प्रयोग 2011चा, बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा. ग्राफीन ऑक्साइडच्या, म्हणजे ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनच्या, संपर्कात प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटल्या आणि शिरेतून ते दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांत गुठळ्या अडकल्या. पुढच्याच वर्षी त्याच गटाने ग्राफीनच्या पृष्ठभागावर अमाइन गट (नायट्रोजन असलेले अणूंचे गट) जोडून पाहिले, तेव्हा प्लेटलेट भडकल्या नाहीत. पदार्थ ग्राफीनच, पण पृष्ठभागावरचा विद्युतभार बदलला. म्हणून नुसतं ‘ग्राफीन विषारी आहे का?’ असं विचारून भागत नाही. किती थरांचं, केवढ्या तुकड्यांचं, वर काय जोडलेलं आणि शरीरात कुठून गेलेलं, हे सगळं विचारावं लागतं.

2024 मध्ये एडिंबरात 14 निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध, अतिपातळ ग्राफीन ऑक्साइड दोन तास श्वासातून दिलं. फुप्फुसांवर किंवा रक्तदाबावर लगेच दिसेल असा वाईट परिणाम आढळला नाही. पण कारखान्यात वर्षानुवर्षं ही धूळ श्वासात घेणाऱ्या कामगाराला यावरून मी निर्धास्त राहायला सांगणार नाही.

आता माझी चूक. 2008 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एसएन-38 हे कर्करोगावरचं, पाण्यात न विरघळणारं औषध पॉलिमर (लांब साखळीचे रेणू) जोडलेल्या ग्राफीन ऑक्साइडवर चिकटवलं आणि ते विरघळू लागलं. औषधाचा रेणू चपटा, ग्राफीनही चपटं, त्यामुळे ते पापडावर पापड ठेवावा तसे बसतात. हा प्रयोग काचेच्या भांड्यातल्या पेशींवरचा होता. लेखातलं माझं वाक्य वाचून मात्र उपचार हाताशी आल्यासारखं वाटत होतं. ते आज बदललं. माझ्या आईला इरिनोटेकॅन हे कर्करोगावरचं औषध चालू होतं. त्याचंच शरीरात एसएन-38 होतं. जुलाबांनी ती पार गळून गेली होती. हे औषध थेट गाठीपर्यंत नेता आलं तर, या विचाराने मी घाई केली.

तुमच्याही नजरेतून सुटलेली एक अडचण सांगतो, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. 2018 मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी 60 उत्पादकांचं ग्राफीन तपासलं. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी, बाकी जवळजवळ ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची, भुकटी. औषधाची प्रत्येक बॅच सारखीच लागते. असा कच्चा माल घेऊन ती कशी जमणार?

म्हणून माझी आशा सध्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे विद्युत संकेत टिपणाऱ्या पट्ट्यांवर, आहे. 2024 मध्ये मँचेस्टरजवळ सॅलफर्डला मेंदूतली गाठ काढताना ग्राफीनचे इलेक्ट्रोड पहिल्यांदा माणसाच्या मेंदूवर ठेवले, संकेत टिपले आणि शस्त्रक्रिया संपताना काढून घेतले. तिथे रक्तात काही सोडावं लागत नाही.