खुलासा: ली योंग-डे डोपिंगमध्ये सापडला नव्हता

दक्षिण कोरियाचा बॅडमिंटन दुहेरीतला खेळाडू ली योंग-डे उत्तेजक घेताना पकडला गेला आणि त्याचं ऑलिंपिक सुवर्ण पुरुष दुहेरीतलं, असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक.

जानेवारी 2014 मध्ये त्याच्यावर वर्षभराची बंदी आली होती, हे खरं. पण कारण वेगळं. उत्तेजक चाचणीच्या यादीतल्या खेळाडूला दर तिमाहीसाठी आपला ठावठिकाणा आणि चाचणीसाठी नक्की भेटेल असा रोजचा एक तास आगाऊ कळवावा लागतो. तेव्हाच्या नियमानुसार 18 महिन्यांत माहिती न देण्याच्या किंवा चाचणीला न सापडण्याच्या तीन चुका झाल्या की कारवाई. ही माहिती कोरियन बॅडमिंटन संघटना भरायची आणि तिथेच घोळ झाला: तपासनीस सराव केंद्रावर आले, तेव्हा खेळाडू स्पर्धेसाठी बाहेर. नमुना कधीच दोषी ठरला नाही. एप्रिलमध्ये बंदी उठली, दंड संघटनेला झाला आणि त्याच वर्षी इंचॉन आशियाई स्पर्धेत तो सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता.

सुवर्ण 2008 चं, बीजिंगचं, मिश्र दुहेरीतलं; जोडीदार ली ह्यो-जुंग. अंतिम सामना 21-11, 21-17. पुरुष दुहेरीत मिळालं ते 2012 चं कांस्य, जुंग जे-सुंगसोबत. जागतिक विजेतेपद मात्र, इतका देखणा नेटजवळचा खेळ असूनही, कधीच नाही.