वाचनालयाची ट्रंक आणि आठ प्रश्नांचं पोस्टकार्ड

यंदा शिमग्याला गावी गेले होते. गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. पालखी सहाणेवर बसली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्याच मांडवाखाली वाचनालयाची सभा भरली. चिपळूणच्या सीएंचा निरोप आला होता. वाचनालयाच्या ट्रस्टनं आयकराची नोंदणी नव्यानं करून घेतलेलीच नाही आणि मागच्या वर्षी इमारतीसाठी आलेले सहा लाख त्यामुळे अडचणीत येऊ शकतात. माझे काका चाळीस वर्षं खजिनदार आहेत. त्यांचा आवाज चढला. "आपण पुस्तकं वाचायला देतो गो, धंदा करतो काय? धर्मादायकडे नोंद आहे ना आपली? मग टॅक्स कसला?"

मांडवात बहुतेकांनी माना डोलावल्या. मला गप्प बसवेना, कारण हाच प्रश्न मी ओहायोत ऐकला होता, आणि तिथं त्याची किंमतही मोजली होती.

मी राहते त्या ओहायोत आमचं एक लहानसं मराठी मंडळ आहे. गणपती, दिवाळी, मुलांची रविवारची शाळा. वर्षाला साधारण ५०,००० डॉलरच्या आत जमा असलेल्या करमाफ संस्थेला अमेरिकेच्या आयकर खात्याकडे फक्त एक ई-पोस्टकार्ड भरावं लागतं. संस्थेचं नाव-पत्ता, कर क्रमांक, प्रमुखाचं नाव, जमा मर्यादेत आहे ना, संस्था चालू आहे ना, असे आठ प्रश्न. दहा मिनिटांचं काम. आमच्याकडे तीन वर्षांत तीन खजिनदार झाले आणि प्रत्येकाला वाटलं, अध्यक्षांनी भरलं असेल. सलग तीन वर्षं ते गेलं नाही की करमाफी आपोआप रद्द होते. आम्हाला पत्ता लागला तो एका सभासदाच्या कंपनीनं त्याच्या देणगीत आपली भर घालायला नकार दिला तेव्हा. मी नुकतीच खजिनदार झाले होते. २७५ डॉलर फी भरून नवा अर्ज केला आणि देणगीदारांना एकेक फोन करून झालं ते सांगितलं. त्या फोनांची लाज अजून आठवते.

म्हणून सभेत मी काकांना म्हटलं, काम चांगलं असणं वेगळं आणि करमाफ असणं वेगळं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झाली की ट्रस्ट कायद्यानं उभा राहतो, एवढंच. संस्थेच्या उत्पन्नावरची माफी आयकर खात्याकडे स्वतंत्र मागावी लागते, ती १९६१ च्या आयकर कायद्यातली १२अ. देणगीदाराला सवलत मिळते ती ८०जी, तिचाही अर्ज वेगळा. आमच्या १२अ चा कागद काकांनी काच लावून गांधीजींच्या तसबिरीशेजारी टांगला आहे. पूर्वी तो एकदा मिळाला की कायमचा असायचा. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या संस्थांनाही नव्यानं नोंदणी सक्तीची झाली, तीही पाच वर्षांपुरती. मुदत वाढत वाढत ३० जून २०२४ पर्यंत आली. आमचा अर्ज गेलाच नाही. उत्पन्न करमर्यादेच्या, म्हणजे अडीच लाखांच्या आत असायचं, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. सहा लाख आले आणि झाकलेलं उघडं पडलं.

याहून मोठी भीती जमिनीची आहे. वेळेत नोंदणीचा अर्ज केला नाही तर, २०२३ च्या दुरुस्तीनुसार, करमाफी मिळालेल्या जुन्या ट्रस्टच्या मालमत्तेचा आजचा बाजारभाव काढून, त्यातून देणी वजा करून, उरलेल्या रकमेवर कमाल दरानं कर लागू शकतो. आमच्या वाचनालयाला समुद्राच्या वाटेवरची चार गुंठे जागा कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी दान दिली. तेव्हा तिथं निवडुंग होता. आज शेजारी दोन रिसॉर्ट आहेत. त्या भावानं कर बसला तर जागा विकूनच तो भरावा लागेल. मी हे सांगितलं तेव्हा काका खाली बसले.

संध्याकाळी आम्ही ट्रंक उघडली. हिरव्या पत्र्याची, कोपरे गंजलेली. पावसाळ्यांच्या ओलीनं पावतीपुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली, तळाशी डांबरगोळ्यांचा चुरा. एक पावती वाचता आली: "मुलीच्या बारशानिमित्त रु. ११". चाळीस वर्षांत काकांनी एक पैसा इकडचा तिकडे केलेला नाही. रोजकीर्दीचं पान न् पान त्यांच्या हातचं आहे. पण सहा लाखांच्या पावतीवर फक्त "इमारतीसाठी" लिहिलं आहे. रक्कम कायम निधीत, म्हणजे साध्या उत्पन्नाबाहेर, धरायची तर दात्यानं तसं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर नोंदणी मिळाल्यावरसुद्धा ती साध्या उत्पन्नात मोडते आणि उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी खर्चायचा, किंवा पुढच्या कामासाठी राखतो असा फॉर्म मुदतीत भरायचा. हे पंचाहत्तरीच्या माणसाला कुणी समजावून सांगितलं होतं?

इथं मी काकांच्या बाजूची आहे. आमच्या वाचनालयाला जे विवरणपत्र भरावं लागतं, तेच मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाच्या ट्रस्टला. २०२५ मध्ये पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्यांची नोंदणी दहा वर्षांची झाली, हे चांगलंच झालं. पण तीन लाखांचं वाचनालय आणि साडेचार कोटींची संस्था अजून एकाच चाळणीत आहेत. लहानांसाठी आठ प्रश्नांचं पोस्टकार्ड आपल्याकडे का नसावं? उलट एक शिस्त तिथून उचलावी असं मनापासून वाटतं. अमेरिकेत पोस्टकार्डाच्या मर्यादेवरच्या बहुतेक करमाफ संस्थांचं विवरणपत्र कुणीही मागावं आणि संस्थेनं ते दाखवावं, असा कायदा आहे. गावात ११ रुपये देणाऱ्या बाईला वाचनालयाचा ताळेबंद कधी दिसला? पालखीच्या मानाची यादी सहाणेवर मोठ्यानं वाचतात, तसा ताळेबंदही वाचावा.

माझी स्वतःची अडचण निराळीच. शिडी आणि दोन कपाटांचे पैसे देते म्हटलं, तर काकांना ते घेता आले नाहीत. माझा पासपोर्ट आता अमेरिकन. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी परदेशी अंशदान कायदा, २०१० च्या नजरेत मी परदेशी देणगीदार. संस्थेला आधी त्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी हवी आणि पैसे दिल्लीच्या ठराविक स्टेट बँक शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. दुबईतला मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर आहे, तो आपल्या पगारातून खुशाल देऊ शकतो. भावाच्या खात्यातून फिरवून दे, असं दोघातिघांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. ज्या वाचनालयात मी वाचायला शिकले, त्याच्या वहीत खोटी नोंद माझ्यामुळे पडायला नको.

वाजवी कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार २०२४ पासून आयकर आयुक्तांना आहे. त्याच आधारावर आमचा अर्ज गेला, सोबत काकांच्या हातचं दोन पानी पत्र. उत्तर यायचं आहे. गणपतीला गावी जाणाऱ्यांनी आपापल्या वाचनालयाच्या, शाळेच्या, मंडळाच्या खजिनदाराशेजारी बसून १२अ चा कागद कोणत्या सालचा आहे तेवढं बघावं. गणपती आटोपले की ऑडिट रिपोर्टचा ३० सप्टेंबर दूर नसतो.