टेम्पोवाल्यांना काय कळणार?

"दादा, मर्सिडीजनं पिकअप काढली आणि तीन वर्षांत गुंडाळली. टेम्पोवाल्या गिऱ्हाइकांना मर्सिडीजची किंमत काय कळणार?" चुलतभाऊ फोनवर हे म्हणाला, मागून घरच्यांचं "बरोबर आहे" ऐकू आलं. आठवडा झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मर्सिडीजची ती पिकअप, एक्स-क्लास, बंद पडली हे खरं. जुलै २०१७ मध्ये दाखवली, मे २०२० मध्ये थांबवली. पण तिचा सांगाडा निसान नवाराचा, बांधणी बार्सिलोनातल्या निसानच्याच कारखान्यात. गिऱ्हाइकाला किंमत कळलीच होती, म्हणून तर त्यानं मर्सिडीजचा तारा बघून जादा पैसे मोजले नाहीत. इथे अमेरिकेत ती विकायला आलीच नाही. परदेशातून येणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के आयातकर बसला, तोही कोंबड्यांवरून युरोपशी झालेल्या भांडणातून.

सगळं त्या करावर मात्र ढकलता येत नाही, कारण अमेरिकेतल्या घरच्या कंपन्याही आपटल्या. लिंकन या फोर्डच्याच आलिशान ब्रँडची ब्लॅकवूड पिकअप घ्या, २००२ चं मॉडेल. खालून फोर्डची एफ-१५० पिकअप, रंग फक्त काळा. हौद्यात गालिचा अंथरलेला, कडेनं चकचकीत स्टील, वर बटणानं उघडणारं झाकण. चारही चाकांना ताकद देणारी सोयच नाही. ज्या हौद्यात खडी टाकायला जीव धजत नाही, तो हौदा कशाला? जेमतेम तीन हजारांवर गाड्या बनल्या आणि वर्षभरात खेळ संपला. कॅडिलॅकची तशीच आलिशान पिकअप, एस्कलेड ईएक्सटी, २०१३ पर्यंत तगली, पण तिची जागा घ्यायला दुसरी आली नाही.

उलट फोर्डनं २००१ मध्ये एफ-१५० ची किंग रँच आवृत्ती काढली. आत घोड्याच्या खोगिरासारखं चामडं, मागचा हौदा जसाच्या तसा. आधी काम, मग थाट. मर्सिडीज-लिंकनला हा क्रम जमला नाही. आपल्याकडे गाडीचा मान मागच्या सीटवर कोण बसतं त्यावर ठरतो. इथे डॉक्टरसुद्धा शनिवारी होम डेपो या बांधकाम-सामानाच्या दुकानातून लाकडं स्वतः चढवतो आणि फाळका स्वतः लावतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, हे मला आवडतं, आणि भावाला ते कळत नाही याचा राग येतो.

पण राग एवढ्याचाच नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये, एक्स-क्लास दाखवली त्याच्या पुढच्याच महिन्यात, हार्वी चक्रीवादळानं ह्यूस्टन बुडवलं. माझी जर्मन सेडान गॅरेजमध्ये सीटपर्यंत पाण्यात होती. शेजारचा माणूस पिकअपला बोटीचा ट्रेलर जोडून आला. त्याआधी त्याच्याशी माझं हात हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. बायको-मुलांना त्यानं पुढे बसवलं, मी हौद्यात, दोन बॅगा मांडीवर. लहानपणी बिऱ्हाड हलवताना असाच टेम्पोत सामानावर बसलो होतो. पावसात फाळक्याची कडी धरून ठेवली होती, तिचा थंडपणा अजून तळव्यात आहे.

घरी मी फक्त पाण्यात बुडालेल्या घराचा फोटो पाठवला. कोणाच्या गाडीतून आणि कुठे बसून बाहेर आलो, हे सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. पुढच्या वर्षी पिकअप घेतली तेव्हा घरी "इथे सगळेच घेतात" एवढंच म्हणालो. चामड्याच्या सीटांचे फोटो पाठवले, हौद्याचा एकही नाही. भावाला "टेम्पो" हा शब्द सुचला, त्यात माझाही हात आहे.

गेल्या रविवारी तोच शेजारी दारात आला. कुंपण पडलं होतं, त्याची पिकअप दुरुस्तीला गेलेली. "तुझी रिकामी आहे ना?" एवढंच विचारून तो फळ्या आणायला वळलाही. ओढताना एका खिळ्यानं हौद्याच्या तळाला लांब ओरखडा पडला. त्या ओरखड्याचा फोटो काल भावाला पाठवला, आणि खाली हार्वीची सगळी हकीकत लिहिली.