मामा, तुम्ही इन्कम्बन्ट आहात

घरात स्पर्धा परीक्षेचा उमेदवार राहायला आला की घरातल्या माणसांचे खातेवाटप आपोआप होते. माझा भाचा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीच्या तयारीसाठी पुण्याला आला, दिवसासाठी त्याने सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत खुर्ची धरली आणि जेवण्या-झोपण्यासाठी आमचे घर धरले. तेव्हा त्याच्या मामीकडे अन्न व नागरी पुरवठा गेला, माझ्या मुलीकडे वायफाय आणि चार्जर मिळून दळणवळण गेले, आणि ज्याच्या हातून घरात फारसे काही होत नाही असा सर्वांचा जुना समज आहे, त्या मला बिनखात्याचे मंत्री करण्यात आले. इतर कोणी घेत नाही ते काम अशा मंत्र्याच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात भाच्याचे इंग्रजी ऐकण्याचे काम पडले.

ही मुलाखत 275 गुणांची असते आणि ती मराठीतूनही देता येते, ही गोष्ट मी वेळीच त्याच्या कानावर घातली होती. त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला स्पायरल बाइंडिंग केलेली एक जाडजूड झेरॉक्स प्रत दिली होती. राजकारण आणि शासन या विषयांवर बोलताना वापरायचे उच्च प्रतीचे इंग्रजी शब्द तिच्यात होते, आणि हे शब्द नुसते पाठ न करता भोवतालच्या परिस्थितीला लावून पाहावेत, अशी सूचना पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेली होती. रात्री पाने वाढल्यापासून बडीशेप खाऊन होईपर्यंत त्याच्या भोवतालची परिस्थिती म्हणजे मी होतो.

वास्तविक राजकारणावर बोलण्यासाठी मराठी माणसाला शब्द बाहेरून आणावे लागतील, असे मला कधी वाटले नव्हते. आपल्याकडे फोडाफोडी आहे, पाडापाडी आहे, कुरघोडी आहे, घोडेबाजार आहे, आणि यांपैकी काहीच जमले नाही तर शेवटी नाराजीनाट्य आहे. परंतु या शब्दांची अडचण अशी की ते तोंडातून निघताच बोलणारा कोणाच्या बाजूचा आहे ते ऐकणाऱ्याला कळते. मुलाखत मंडळासमोर उमेदवाराला मत तर असावे, पण ते अंगावर येऊ नये, अशी अपेक्षा असते म्हणे, आणि त्या कामी इंग्रजी शब्दासारखा सोयीचा पडदा नाही. ‘त्याने पैसे खाल्ले आणि टेंडर दिले’ असे म्हटले की वाद सुरू होतो. ‘या व्यवहारात क्विड प्रो क्वोची शक्यता नाकारता येत नाही’ असे म्हटले की समोरचा मान डोलावतो, आणि ज्याने पैसे खाल्ले तोही त्यात मान डोलावू शकतो.

हा पडदा माझ्यावरून मात्र रोज रात्री ओढला जाऊ लागला. ‘मामा, तुम्ही इन्कम्बन्ट आहात,’ असे त्याने एकदा आमटी ओरपताना जाहीर केले, तेव्हा मला तो पोटाचा काही विकार वाटला आणि मी वाटी खाली ठेवली. त्याचे म्हणणे एवढेच होते की मी आमच्या सोसायटीचा विद्यमान सचिव आहे. हे पद मी लढून मिळवलेले नाही. ज्या सभेला मी गेलो नव्हतो, त्या सभेत माझी एकमताने निवड झाली होती, आणि जो हजर नसतो त्याच्याविषयी एकमत होणे फार सोपे असते. आता कार्यकारिणीची पाच वर्षांची मुदत संपत आली होती, म्हणून मी इन्कम्बन्ट तर होतोच, शिवाय लेम डकही होतो. अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारात ज्याला देणी फेडता येत नसत, त्याला लेम डक म्हणत. पुढे अमेरिकेत ज्याचा उत्तराधिकारी निवडून आला आहे पण ज्याची खुर्ची अजून सुटलेली नाही, अशा अध्यक्षाला ते नाव चिकटले. तिकडे नोव्हेंबरात निवडणूक झाली तरी जुना अध्यक्ष 4 मार्चपर्यंत लंगडत राही, म्हणून त्यांनी 1933 मध्ये घटनादुरुस्ती करून ही तारीख 20 जानेवारीवर आणली. आमच्याकडे दुरुस्ती करून उपयोग नव्हता, कारण उत्तराधिकारीच मिळत नव्हता.

नेपोटिझम हा शब्द आमच्या जेवणात बरेच दिवस मुक्कामाला होता, कारण तो नात्यातलाच निघाला. रोमच्या पोपांना संसार करण्याची मुभा नसल्यामुळे ते आपल्या भाच्या-पुतण्यांना कार्डिनल करीत, आणि हा प्रकार इतका बोकाळला की 1692 मध्ये पोप बारावे इनोसंट यांना आज्ञापत्र काढून तो थांबवावा लागला. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी म्हणालो की महाराष्ट्रात या शब्दाची गाडी थोडी पुढे गेली आहे. आपल्याकडे पुतण्या काकांचे बोट धरून येतो हे खरे, पण बोट सोडताना तो पक्षही बरोबर घेऊन जातो. उलट 1773 मध्ये शनिवारवाड्यात ‘काका, मला वाचवा’ असे ओरडत धावण्याची पाळी पुतण्यावर आली होती, तेव्हा हा हिशेब अगदीच एकतर्फी आहे असेही म्हणता येणार नाही. त्याने गंभीरपणे वहीत ‘रिव्हर्स नेपोटिझम’ असे लिहून घेतले. मामाकडून नेण्यासारखे काही नसते, म्हणून भाचे या इतिहासात कुठे दिसत नाहीत, हे मी त्याला सांगितले नाही.

त्यानंतर जेरीमॅन्डरिंग आले आणि प्रकरण घराबाहेर गेले. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी 1812 मध्ये आपल्या पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखलेल्या विधेयकावर सही केली. त्यांतला एक मतदारसंघ नकाशावर सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला, आणि वृत्तपत्रवाल्यांनी त्याला पंख काढून गव्हर्नरांचे नाव देऊन टाकले. हे गृहस्थ स्वतःला गेरी म्हणवीत आणि त्यांच्या नावाचा शब्द मात्र सगळे जग जेरी असा उच्चारते, याची भाच्याला फार काळजी लागून राहिली. मंडळासमोर कोणता उच्चार करावा हे त्याने मला विचारले. एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ होऊन पेशवा गेल्याची कथा ज्या शहरात सांगतात, त्या शहरात अशी जोखीम कोणी घेऊ नये, म्हणून मी त्याला सरळ ‘मतदारसंघांची सोयीस्कर पुनर्रचना’ म्हणायला सांगितले.

त्याने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला हाताला धरून खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. तिथे जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने आखलेल्या रेघा आहेत. त्यांतली एक रेघ भिंतीपासून सरळ निघते, दुसऱ्या खांबापाशी आल्यावर डावीकडे वळसा घेते, ड्रेनेजच्या झाकणाला बाहेर ठेवते आणि वाकडी मान करून नेमकी पत्र्याच्या सावलीत जाऊन थांबते. ही आखणी एका माजी अध्यक्षांच्या कारकिर्दीत, त्यांनी मोठी गाडी घेतली त्या दिवाळीत झाली होती. मी इतकी वर्षे त्या रेघेवरून चालत होतो आणि रंगाऱ्याचा हात हलला असावा असे समजत होतो. ‘मामा, टेक्स्टबुक केस!’ असे भाचा इतक्या मोठ्याने म्हणाला की वरच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमागून माजी अध्यक्षांचे डोके बाहेर आले.

सप्टेंबर महिना होता. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी महाराष्ट्रातल्या यच्चयावत इमारतींच्या तळमजल्यांवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतात. भाच्याने वही घेऊन सभेला बसण्याची परवानगी मागितली. लोकसभेत गणपूर्तीला एकूण सदस्यांच्या एकदशांश, म्हणजे 55 सदस्य लागतात. आम्हाला दोनतृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. तरी ती होत नाही. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे ती त्याच जागी पुन्हा सुरू करायची, असा रिवाज आहे. हे सर्वांना ठाऊक असल्याने सगळे सभासद अर्ध्या तासानेच येतात, आणि गणपूर्तीची गरज नाही हे एकदा पक्के झाले की आमच्याकडे गणपूर्ती होते.

मुख्य विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा होता आणि त्यासाठी प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी काढायची होती. त्यावर तळमजल्यावरचे एक निवृत्त अभियंता बोलायला उभे राहिले. गच्ची गळली तर ते पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचायला आणखी एक पिढी लागेल, म्हणून त्यांना घाई नव्हती. त्यांनी पाण्याच्या विषयाला 1961 सालच्या पानशेतच्या पुरापासून हात घातला. धरण कसे फुटले, लकडी पुलावरून पाणी कसे गेले, त्या वेळी सिमेंट कसे मिळत असे, हे सांगत ते हळूहळू पावसाळी सांडव्यांच्या रचनेकडे सरकले. लोकांनी मोबाइल काढले. भाचा एकटाच आनंदाने थरथरत होता. ‘फिलिबस्टर, म्हणजे बोलत राहून ठराव लांबवणे,’ तो माझ्या कानात म्हणाला, ‘मामा, आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष बघतोय.’ 1957 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध 24 तास 18 मिनिटे बोलले, आणि मध्ये उठावे लागू नये म्हणून त्यांनी आधी वाफेची स्नाने घेऊन अंगातले पाणी कमी केले होते, ही माहिती त्याने मला तिथेच दिली. अभियंता साहेबांनी अशी काही तयारी केलेली दिसत नव्हती. त्यांच्यापुढे तांब्या-भांडे होते आणि ते नियमाने पाणी पीत होते.

याच सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या दोन भावांत, त्यांच्या सदनिकेचे मत वर्गणीच्या बाजूने की विरुद्ध, यावरून जुंपली. सदनिका दोघांच्या नावावर आहे आणि मत एकच आहे. भाच्याने वहीतून मान वर करून सांगितले की मूळ पक्ष कोणता आणि प्रतोद कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी हाताळला आहे, आणि प्रतोद म्हणजे व्हिप नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून राजकीय पक्षाला आहे असे म्हटले आहे. दोन्ही भाऊ गोंधळून गप्प झाले. तेवढ्यात त्यांच्या आई जिन्यावरून खाली आल्या, ‘आपल्याच बेडरूममध्ये गळतंय, हात वर करा,’ असे त्यांनी फर्मावले, आणि मूळ पक्ष कोण ते सभेला न्यायालयाच्या मदतीशिवाय कळले.

अभियंता साहेब मात्र अजून उभेच होते आणि आता खडकवासल्यापर्यंत आले होते. तेव्हा भाच्याला राहवले नाही. पाहुणा असूनही तो उठला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, ‘सर, लेट अस टेबल द मोशन.’ त्या झेरॉक्स प्रतीत हा वाक्प्रयोग होता, पण त्याला समुद्राच्या दोन काठांवर दोन परस्परविरुद्ध अर्थ आहेत ही तळटीप पुढच्या पानावर गेली होती. इंग्रजांकडे टेबल करणे म्हणजे विषय चर्चेला वा निर्णयाला पुढे आणणे. अमेरिकेत टेबल करणे म्हणजे तो बासनात गुंडाळून ठेवणे. अभियंता साहेब मुलाकडे न्यू जर्सीला सहा-सहा महिने राहून आलेले आहेत. प्रस्ताव बारगळला असे समजून त्यांनी भाच्याकडे कौतुकाने पाहिले, ‘तरुण पिढी समंजस आहे,’ असा शेरा दिला आणि ते चहा घ्यायला मागे गेले. आमच्या अध्यक्षांची सारी हयात साहेबी वळणाच्या सरकारी कचेरीत गेलेली. त्यांनी टेबल हा शब्द ऐकताच ठराव मतास टाकला. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, हात वर झाले, आणि अभियंता साहेब बशीत चहा ओतून फुंकर घालत असताना त्यांच्यावर वर्गणी बसली.

पुढचा विषय सचिवपदाच्या निवडीचा होता. या खेपेला मी हजर होतो, नकारही तयार ठेवला होता, परंतु खाली बसलेल्या मंडळींची भजी संपत आली होती आणि मी उभा राहून बोलू लागलो हेच संमतीचे भाषण धरण्यात आले. टाळ्या वाजल्या. भाच्याने मागून ‘अँटी-इन्कम्बन्सी दिसत नाही’ असे वहीत नोंदवले.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा माझ्यापुढे नेहमीचे वाक्य होते, ‘सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर झाला व सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ पानशेत, न्यू जर्सी, दोन भाऊ, त्यांच्या आई, हे सगळे त्या एका ओळीत मावले. लोकांचे इंग्रजी पडदे आम्हाला कशाला हवेत, हे मी भाच्याला दाखवणार होतो. पण तो दुसऱ्या कामात होता. अभियंता साहेबांनी सभा संपल्यानंतर लेखी हरकत दिली आहे आणि जिन्यात मी समोरून आलो की ते मोबाइल कानाला लावतात, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली आहे. येत्या सोमवारपासून त्याचे परराष्ट्र संबंधांचे शब्द सुरू होत आहेत, आणि बोलणे बंद असलेले दोन पक्ष त्याला एकाच इमारतीत मिळाल्यामुळे, आमच्यात एवढ्यात समेट करू नये अशी त्याने मामीमार्फत विनंती केली आहे.